पूरग्रस्त ते अतिक्रमणधारक : पुण्यातील नदीकाठच्या वस्त्यांचा पूर-इतिहास (१९६१ ते २०२४)

प्रस्तावना

पुण्याच्या आधुनिक इतिहासात 'पूर' या शब्दाचा अर्थ प्रामुख्याने 'पानशेत' असाच घेतला जातो. एका धरणाचा अपघात म्हणून या घटनेचा अभ्यास झाला. नदीकाठच्या वसाहतीचा प्रश्न म्हणून मात्र तिच्याकडे फारसे पाहिले गेले नाही. १९६१ मध्ये ज्यांना शासनाने 'पूरग्रस्त' म्हटले, त्यांच्यानंतर त्याच काठावर राहावयास आलेले कष्टकरी 'अतिक्रमणधारक' ठरले. या नामांतराचा पूरधोक्याशी असलेला संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१९६१ चा पूर व पुनर्वसन

आंबी नदीवरील पानशेत धरणाचे बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविले गेले. १२ जुलै रोजी मातीचा बांध फुटला. त्या लोंढ्याने १८७९ मध्ये पूर्ण झालेले खडकवासला धरणही त्याच दिवशी भगदाड पडून निकामी झाले. नदीलगतच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि शहराचा पाणीपुरवठाही खंडित झाला. न्या. बावडेकर यांच्या निधनानंतर न्या. नाईक यांच्या आयोगाने चौकशी पूर्ण केली. धरण का फुटले, हा तिचा मुख्य विषय होता.

पुनर्वसनासाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर आदी वसाहती उभ्या राहिल्या. त्या काठापासून दूर असल्या, तरी शहराच्या व्यवहारापासून तुटलेल्या नव्हत्या. अर्थात हे पुनर्वसनही निर्दोष नव्हते; पूरग्रस्तांच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला. तथापि बाधित कुटुंबाला पर्यायी निवारा देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले होते.

कोरडे पात्र आणि नवी वस्ती

पानशेतची पुनर्उभारणी झाली आणि पुढील दशकांत वरसगाव व टेमघर ही धरणेही झाली. परिणामी मुठेचे पात्र वर्षातील बहुतेक काळ जवळजवळ कोरडे राहू लागले. कोरडे पात्र मोकळ्या जमिनीसारखे दिसू लागले. त्यात रस्ता आला, भराव आले, इमारती आल्या. ज्यांना शहरात श्रमासाठी स्थान होते परंतु निवाऱ्यासाठी नव्हते, त्यांची घरेही याच काठावर झाली. पुलाची वाडी, दत्तवाडी, पाटील इस्टेट, ताडीवाला रस्ता ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

१९७१ च्या झोपडपट्टी अधिनियमाने व त्यानंतरच्या धोरणांनी या रहिवाशांना मान्यतेचा एक मार्ग दिला. परंतु त्या मान्यतेचा आधार वास्तव्याचा पुरावा व ठरावीक तारीख हा होता. घर किती पाण्यात बुडते, हा नव्हता. पूररेषांची पद्धत वेगळ्या खात्याकडून आली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई झाली. मात्र तेथे आधीपासून राहणाऱ्यांनी कोठे जावे, याचे उत्तर त्या रेषेत नव्हते.

बदललेले पूरमान

१९९७ मध्ये खडकवासल्यातून सुमारे ९० हजार क्युसेक विसर्ग झाला होता. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला, तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. धरणाखालील क्षेत्रात त्या दिवशी झालेली अतिवृष्टी लक्षात घेतली, तरी पात्राची वहनक्षमता घटल्याकडे ही तुलना निर्देश करते. एकतानगरीतील रहिवाशांना निदान वरचे मजले होते. पुलाच्या वाडीतील एकमजली घरांना तो आसरा नव्हता. तेथे त्याच दिवशी पहाटे पाण्यातून साहित्य हलविताना विजेचा धक्का बसून तीन तरुण मृत्युमुखी पडले.

पूर केवळ धरणातून येतो असेही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास आलेल्या पुराने टांगेवाला कॉलनीसह अनेक वस्त्या उद्ध्वस्त केल्या. शहर व परिसरात वीसहून अधिक बळी गेले. जून २०२१ मध्ये याच ओढ्याकाठची काही घरे भर पावसाळ्यात पाडण्यात आली आणि न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली. पूरनियंत्रणाच्या नावाखाली झालेली ही कारवाई रहिवाशांच्या दृष्टीने पुराहून फारशी वेगळी नव्हती.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. जुलैमध्येच धरणे भरून घेण्याचा आग्रह पिण्याच्या पाण्यासाठी व दौंड-इंदापूरच्या सिंचनासाठी समजण्याजोगा आहे. परंतु त्याची जोखीम नदीकाठचा गरीब उचलतो, हे विसर्गाच्या नियोजनात नोंदले गेले पाहिजे. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविणे, रात्रीच्या विसर्गाची सूचना दिवसाउजेडी वस्तीत पोहोचविणे व पाणी शिरण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित करणे, हे अल्प खर्चाचे उपाय आहेत. स्थलांतर अपरिहार्य असेल तेथे ते रोजगार व शाळेच्या आवाक्यात आणि पावसाळ्यापूर्वी व्हावे. पात्रातील भरावांना मात्र वस्तीइतकाच कठोर न्याय लावला जावा.

१९६१ मध्ये शासनाने पूरग्रस्ताला प्रथम निवारा दिला. कागदपत्रांचा वाद नंतर चालला. त्यानंतरच्या काळात हा क्रम उलटला. तो पूर्ववत होणे, हीच नदीकाठचा पूरधोका कमी करण्याची पहिली पायरी ठरेल.