महालातील वरिष्ठ प्राथमिक वर्ग आणि अनुस्वाराचा इतिहास

शालेय शिक्षणाच्या इतिहासात कायदे, आयोग आणि संस्थांची स्थापना यांना मोठे स्थान मिळते. परंतु एका सत्रात विद्यार्थी प्रत्यक्ष काय शिकला, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः शासनाची भाषाविषयक भूमिका खऱ्या अर्थाने अमलात येते ती वर्गातच. नागपूरच्या महाल भागाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. भोसल्यांच्या राजवाड्याभोवती वाढलेली ही वस्ती जागची हलली नाही. पण तिच्यावरील राज्य मात्र वारंवार बदलले. १९५० पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाड, त्यानंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, अशी ही परंपरा आहे. ‘आपले राज्य’ या पाठात जबलपूर व रायपूर यावे की पुणे व रत्नागिरी, याचे उत्तर एका दशकात पालटले. भूगोलातील हा पालट सहज नजरेस येतो. लेखनातील पालट तितकाच मोठा असूनही तो अनुस्वाराच्या एका टिंबात लपलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम वेळेचा हिशोब पाहू. ऑक्टोबर १९३७ मध्ये नागपूरपासून जवळच, वर्धा येथे, राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तीतून झाकीर हुसेन समिती निर्माण झाली. समितीने मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण सुचविले. तिच्या वेळापत्रकात दिवसाचे साडेपाच तास होते. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, तर मातृभाषेला ४० मिनिटे दिलेली होती. वर्षाचे कामाचे दिवस २८८ धरले होते. म्हणजे अर्ध्या वर्षाच्या सत्रात मूलोद्योगाला ४८० तास आणि मातृभाषेला ९६ तास येतात. ही योजना मुख्यतः खेड्यांतील शाळा डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असल्याने महालासारख्या शहरी वस्तीतील वर्गांना ती जशीच्या तशी लावता येणार नाही. तथापि भाषेच्या वाट्याला किती वेळ येऊ शकतो, याचे एक माप तिने आपल्या हाती दिले आहे. वाचन, कविता, निबंध, व्याकरण आणि शुद्धलेखन हे सर्व या शंभरएक तासांत बसवावयाचे होते.

या तासांतील किती भाग अनुस्वारावर खर्च होत असावा, याची कल्पना जुन्या लेखनपद्धतीवरून येते. ‘पांच’, ‘दांत’, ‘नांव’ या शब्दांवर अनुस्वार होता, कारण त्यांच्या मुळाशी ‘पञ्च’, ‘दन्त’, ‘नामन्’ असे अनुनासिकयुक्त शब्द आहेत. ‘केलें’, ‘मुलें’ यांवरील अनुस्वार नपुंसकलिंग दाखवी. ‘मीं केलें’ यातील ‘मीं’ तृतीयेचा, तर ‘मी जातो’ यातील ‘मी’ प्रथमेचा. ‘घरांत’ यावरील अनुस्वार सप्तमीच्या प्रत्ययाचा होता. ही व्यवस्था तर्कशुद्ध होती, यात शंका नाही. परंतु तिचा तर्क समजण्यासाठी संस्कृत आणि प्राकृत यांचे ज्ञान हवे, आणि ते अकरा-बारा वर्षांच्या मुलाजवळ नसते. कोकणातील काही बोलींत अनुनासिक उच्चार टिकून असल्याने तेथील मुलाला कानाचे साहाय्य मिळे. महालातील मुलाच्या बोलण्यात ‘पांच’ आणि ‘केलें’ यांतील अनुनासिक ऐकूच येत नसे. त्यामुळे जे कोकणात श्रवणाने साधे, ते येथे केवळ पाठांतराने साधावे लागे.

मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले. त्याच्या चार घटक संस्थांपैकी विदर्भ साहित्य संघ ही एक होती, ही गोष्ट नागपूरकर वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. लेखनसुधारणा केवळ पुण्या-मुंबईने लादली, हा समज त्यामुळे टिकत नाही. महामंडळाच्या चौदा नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार गेले. ‘कवि’, ‘गुरु’ हे तत्सम शब्द ‘कवी’, ‘गुरू’ असे दीर्घान्त झाले. १९५८ साली पहिलीत बसलेला मुलगा क्रमाने १९६२ मध्ये पाचवीत आला. खालच्या चार इयत्तांत ज्या रूपांवर त्याला बरोबरची खूण मिळाली, तीच रूपे वरिष्ठ प्राथमिक वर्गांत नव्या नियमांनुसार चूक ठरू लागली. घरी वडील लिहीत ते पत्र आणि शाळेतील वही यांत एका पिढीचे अंतर पडले.

या सुधारणेने काय गेले आणि काय आले, हे नीट तोलून पाहिले पाहिजे. ‘नांव’ (अभिधान) आणि ‘नाव’ (होडी) यांतील लेखनभेद गेला. तृतीयेचा ‘मीं’ गेला आणि त्याबरोबर कर्मणी प्रयोग ओळखण्याची एक दृश्य खूणही गेली. उलटपक्षी, पूर्वी ‘घरांत’ हे एकवचन की अनेकवचन, हे केवळ संदर्भावरून ठरे. आता ‘घरात’ हे एकवचनाचे आणि ‘घरांत’ हे अनेकवचनाचे, असा स्पष्ट भेद झाला. म्हणजे अनुस्वार नष्ट झाला नाही. त्याचे कार्य बदलले. जो पूर्वी शब्दाचा इतिहास सांगे, तो आता वचन सांगू लागला. व्युत्पत्तीचा बोध हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय आहे. तो शुद्धलेखनाच्या शिक्षेच्या रूपाने बालवयात देणे न्याय्य नव्हते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र एवढ्याने महालातील मुलाची अडचण संपली, असे म्हणता येणार नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) वऱ्हाडी-नागपुरी बोलीची नोंद घेतली होती. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘करतो आहे’ऐवजी ‘करून राहिला’ ही या बोलीची नियमबद्ध रूपे आहेत. त्यांत अज्ञान नाही, व्याकरणच आहे. १९६२ च्या नियमांनी लेखन उच्चाराजवळ आणले खरे, पण तो उच्चार प्रमाणभाषेचा होता. जानेवारी १९६७ मध्ये पुणे येथे पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजेच ‘बालभारती’, स्थापन झाले आणि पुढे राज्यभर मराठीचे एकच पुस्तक वर्गात आले. पुणे, परभणी आणि महाल येथील मुले एकच पाठ वाचू लागली, हा लाभ सामान्य नाही. परंतु एका पुस्तकाबरोबर शुद्धतेचे एकच मापही रूढ झाले.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) आज सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरविले आहे. त्या तासांत काय शिकवावे, याची चर्चा नेहमी होते. कशाला चूक म्हणावे, याची होत नाही. वरील विवेचनावरून असे दिसते की, चूक ही पुष्कळदा मुलाच्या बुद्धीची नसून त्या त्या काळच्या नियमाची असते. जुन्या उत्तरपत्रिका, शिक्षकांच्या टिपणवह्या आणि शाळा-तपासणीचे शेरे अजून काही घरांतून व दप्तरांतून सापडण्याचा संभव आहे. लाल शाईने खोडलेला प्रत्येक अनुस्वार हा मराठीच्या इतिहासाचा पुरावा आहे. तो रद्दीत जाण्यापूर्वी आपल्या विभागातील एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने गोळा करावा, इतके महत्त्व त्याला निश्चितच आहे.