अजिंठ्याच्या आकृति घटांवर

भायखळ्याच्या राणीच्या बागेलगत १८७२ सालीं उघडलेल्या, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांत निळ्या-हिरव्या झिलईचे कांहीं घट आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत विलायतेंत कलापूर्ण मृत्पात्रांची हौस भरांत असतां जॉर्ज टेरी यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत हें काम सुरू केलें. झिलईची विद्या सिंधी कुंभारांची. तांब्यानें झिलई हिरवी होते, कोबाल्टानें निळी. आणि तुमसरकरांच्या परिचयाच्या मँगनीजानें जांभळट. नक्षी मात्र अजिंठ्याची! १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत होते. लंडनला पाठविलेल्या त्या नकलांपैकीं पुष्कळ १८८५ च्या आगींत नष्ट झाल्या. भट्टींतून निघालेल्या घटांवर त्या आकृतींचा अंश राहिला. नकलेची नक्कल खरी, पण मूळ चित्रांचे पोपडे तर तेव्हांही गळतच होते.