नावातच चकवा

‘स्वमग्न’ म्हटलं की आपल्याच तंद्रीतला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याला कुणाची गरज नसावी, हे ऐकणारा स्वतःच जोडून घेतो. मूळ शब्दातही हाच चकवा आहे. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ‘ऑटिझम’ हा शब्द ग्रीक ‘ऑटोस’वरून, म्हणजे ‘स्व’वरून घडवला आणि १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरने अकरा मुलांवरच्या लेखात तो वापरला. त्याच लेखात कॅनरने या मुलांची भीतीही नोंदवली आहे: रोजचा क्रम मोडला की ती कासावीस होत. एकटेपणा नावात बसला, धास्ती मात्र तपशिलातच राहिली. माझ्या मते, स्वमग्न तरुणांनाही सोबत हवी असते हे त्यामुळेच फार काळ कुणाला सुचलं नाही. आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला जागा दिली, पण भर राहिला पालकत्वावर, कारण अठराव्या वर्षानंतर मुलाच्या सह्या कोण करणार हा आईबापांचा खरा घोर होता. २०१६ मध्ये प्रकार एकवीस झाले, समाजात राहण्याचा हक्कही लिहिला गेला. सोबती मात्र कलमाने मिळत नाही.

त्यासाठी घरांची मांडणीही पाहावी लागते. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पात मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला लहान भूखंड पाडले गेले, मोकळ्या चौकाभोवती घरं आली. रुळांपलीकडे ठाकूर व्हिलेजच्या मनोऱ्यांत शेजार उरतो तो लिफ्टपुरता, आणि अनोळखी माणसाचा अवचित प्रश्न ज्याला सोसत नाही त्याला तेवढाही जड जातो. कुणी म्हणेल, चौकात तरी काय सुख होतं, ‘येडा’ अशी हाक तिथेच पडे. खरं आहे, पण टिंगलीची धास्ती बाहेरूनच येते, तिचं खापर मेंदूवर कसं फोडणार? स्वतः स्वमग्न असलेल्या डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये म्हटलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. काहींना एकटंच बरं वाटतं, हा आक्षेपही मान्य. कॅनरच्या त्या अकरा मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, मोठेपणी एकटाच देशोदेशी फिरायचा. तरी तो परतायचा ते मिसिसिपीतल्या आपल्या छोट्या गावी. तिथे बँकेत त्याची नोकरी होती, रोजचं गोल्फ होतं, आणि २०२३ मध्ये तो वारला तोवर गाव त्याला ओळखून होतं. बँक आजोळची होती, हेही सांगायलाच हवं.