बारा नंबर कोण लिहितो?

सातबारा हे दोन नमुन्यांचं जोडपं. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, बारा सांगतो त्यात यंदा काय पेरलंय. हे दप्तर कुलकर्ण्याच्या रुमालात बांधलेलं असायचं. 1951 साली कुलकर्णी वतनं खालसा झाली आणि लेखणी पगारी तलाठ्याच्या हाती गेली.

लोक सातकडे डोळे लावून बसतात, पण खरी मेख बारात. कुळकायद्याच्या काळात जमीन कोण कसतो हे ठरवताना पीकपाहणीचा उतारा पुढे यायचा. पुढे पीककर्ज, दुष्काळी मदत, हमीभावाची खरेदी असं सगळंच त्या ओळीला टांगलं गेलं. ती ओळ तलाठ्यानं बांधावर जाऊन लिहायची होती. सजा मोठा, गावं अनेक, माणूस एक. मग चावडीतच पीक उगवायचं! गेल्या वर्षीची नोंद खाली उतरायची आणि ऊस मोडून सोयाबीन केलेल्या रानात कागदावर ऊस डुलत राहायचा.

संगणक आला, सातबारा महाभूलेखवर दिसू लागला. 1 मे 2018पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला आणि हेलपाटे वाचले. पण पडद्यावर दिसायचं ते चावडीतलंच पीक.

लेखणी हलली ती 15 ऑगस्ट 2021ला. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ म्हणत ई-पीक पाहणीचं अ‍ॅप राज्यभर आलं. खातेदारानं गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, रानात उभं राहून फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात, म्हणजे घरच्या ओट्यावरून कापूस दाखवता येत नाही. रेंज नाही, सर्व्हर लंबा झालाय, ही रड मात्र दर हंगामाला. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी पुढे सहायक नेमावे लागले.

2024मध्ये कापूस-सोयाबीनवाल्यांना हेक्टरी 5000 रुपये जाहीर झाले, तेव्हा आदल्या खरिपाची ई-पीक पाहणी ही अट होती. पीक काढलेलं, पण नोंद राहिलेली. बोंब झाली, मग सातबाऱ्यावरची नोंदही धरायचं ठरलं. लेखणी शेतकऱ्याला दिली की न लिहिल्याचा दोषही त्याच्याच माथी मारता येतो, हे सरकारला लवकर उमगलं.

बटाईदाराचं काय? गट उघडतो खातेदाराच्या नावानं. राबणारा दुसराच असला तरी मदत खातेदाराच्याच बँकखात्यात पडते. पुढचं त्या दोघांनी आपसांत मिटवायचं.