किती भेटले, मावशी?

मागच्या महिन्यात सुरत-भुसावळ पॅसेंजरने अमळनेरहून जळगावला येत होतो. समोर पन्नाशीच्या एक मावशी. हातात काळ्या कव्हरचं लहानसं पुस्तक. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होत्या. शेजारच्याने वाकून पाहिलं. बायबल होतं. त्याने मोठ्याने विचारलं, "किती भेटले, मावशी?"

अर्धा डबा हसला.

मावशींनी पुस्तक मिटलं नाही. म्हणाल्या, "काहीच नाही भेटलं, भाऊ. पोरगा गेला, दोन वर्षं झाली. झोप येत नव्हती. शेजारणीने हे दिलं. रोज एक पान वाचते. देवावर भरोसा ठेवायचं शिकून राहिले."

डबा गप्प झाला. मीही गप्पच होतो. एवढी वर्षं बातम्या लिहितोय, पण त्या माणसाला एक शब्द बोललो नाही. तेवढ्यात धरणगाव आलं आणि मला आठवलं की या प्रश्नाचं उत्तर तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. तेव्हा बोललो नाही, म्हणून आज लिहितोय.

गोष्ट रेल्वेच्या डब्यातच सुरू होते. साल 1893. नागपूरहून राजनांदगावला निघालेला एक चित्पावन ब्राह्मण कवी. संस्कृतचा अभ्यासक, धर्माच्या प्रश्नांनी आधीच अस्वस्थ. डब्यात एक गोरा साहेब भेटला. वाद झाला नाही, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना साहेबाने नव्या कराराची प्रत दिली. कवीने वाचायचं कबूल केलं.

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. शाळेत ज्यांनी जखमी पक्षिणीची कविता वाचली, त्या सगळ्यांना ते माहीत आहेत.

दिलेल्या शब्दासाठी टिळकांनी वाचायला घेतलं. सुरुवातीला पुस्तक फारसं भावलं नाही. पण येशूचं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि ते तिथे अडकले. शत्रूवरही प्रेम करा, हे त्यांच्या काळजाला लागलं. तरी लगेच काही झालं नाही. वाचन, पत्रव्यवहार, मनातली ओढाताण यात जवळपास दोन वर्षं गेली. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता विचारा, टिळकांना किती भेटले? नातेवाईक तुटले. पत्नी लक्ष्मीबाई दूर झाल्या. मुलगा लहान. पुढची काही वर्षं संसाराची ताटातूट. हा हिशेब काढला तर जमेच्या बाजूला पैसा कुठेच दिसत नाही.

लक्ष्मीबाईंची गोष्ट तर मला टिळकांपेक्षा मोठी वाटते. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. पुन्हा एकत्र राहायला आल्या तरी सोवळं सांभाळलं, स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न बाईंनी स्वतःच्या डोक्याने सोडवला. सोवळं आधी सुटलं, बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी! शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं. मराठीत त्या तोडीचं आत्मचरित्र शोधावं लागेल.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण मनाला खरी शांती मिळाली ती 1891 च्या सुमारास, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. म्हणजे धर्म स्वीकारल्यावरही भरोसा यायला आठेक वर्षं लागली. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, बायाबापड्यांना वाचता यावं म्हणून. शेवटपर्यंत त्यांचं तेच काम चालू होतं.

तिघांच्या कथेत एक गोष्ट सारखी आहे. वेळ. विकत घेतलेला माणूस एका दिवसात सही करतो. ज्याला खरंच देव शोधायचा असतो, तो पान उलटतो, थांबतो, भांडतो, परत वाचतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं. टिळक तिथे होते. तोवर ते ख्रिस्ती होऊन बारा वर्षं झाली होती, रेव्हरंड झाले होते. पण जळगावने त्यांना बाहेर ठेवलं नाही. याच संमेलनात धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरेने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ठरवलं. पुढे टिळकांनी त्याला मुलासारखं जवळ केलं. नगरला त्यांच्या घरी तो राहिला.

बालकवी ख्रिस्ती झाले का? नाही झाले. टिळकांची माया कमी झाली का? तीही नाही. 5 मे 1918 ला आपल्या भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी मे महिन्यात टिळकही गेले.

आणि धुळ्याचं जेल विसरू नका. 1932 साली तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे. त्याच विनोबांनी पुढे बायबलमधून निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' तयार केलं. एकाच माणसाच्या मांडीवर दोन्ही ग्रंथ बसले, जागा कमी पडली नाही.

कुणी आमिष दाखवून, फसवून धर्म बदलायला लावत असेल तर त्याची बातमी मी पहिला करीन. तो गुन्हा वेगळा. पण पोरगा गमावलेली आई रात्री पुस्तक उघडते, त्याला कारस्थान म्हणायचं? संविधानाच्या कलम 25 ने सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय, ते असल्याच रात्रींसाठी आहे. त्या मावशी उद्या बाप्तिस्मा घेतील, नाहीतर पुन्हा विठ्ठलाकडे वळतील. तो त्यांचा आणि देवाचा मामला. टिळक तर ख्रिस्ती होऊनही तुकोबांना सोडू शकले नाहीत, येशूची भजनं त्यांनी अभंगाच्या चालीवर लिहिली.

जळगावला उतरताना मावशींची पिशवी खाली काढून दिली. एवढंच विचारलं, "कुठवर आलं वाचन?"

म्हणाल्या, "निम्मं झालं, भाऊ. घाई कशाला?"

तुमच्या डब्यात कुणी "किती भेटले" विचारलं, तर माझ्यासारखं गप्प बसू नका. जळगावचं 1907 सांगा.