औषध : काम, दिवसातून तीन वेळा

काम हा माणसाला जडणारा आजार असून रजा हे त्यावरचं औषध आहे, अशी अस्मादिकांची बी.कॉम. झाल्यापासूनची ठाम समजूत. बँकेत ती माझ्या एकट्याची आहे असंही नाही. पाठ धरली, मान आखडली, की डॉक्टर कागदावर 'विश्रांती' असा सुंदर शब्द लिहून देतात आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवता ठेवताच निम्मी पाठ मोकळी होते. तेव्हा पेशंटला औषध म्हणून चक्क कामच देणारी एक विद्या जगात आहे हे ऐकलं, तेव्हा मला तो मॅनेजमेंटचाच काहीतरी डाव वाटला.

विद्येचं नाव ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार. (हा शब्द एका दमात उच्चारता आला तर निदान जिभेला तरी उपचाराची गरज नाही असं समजावं.) हिची थोरली बहीण फिजिओथेरपी. ती सगळ्यांच्या ओळखीची, कारण गुडघे सगळ्यांनाच असतात. लंडनला १८९४ साली चार नर्सबाईंनी मालीश शिकलेल्या स्त्रियांची एक संस्था काढली, तिथून तिकडे या थोरलीला अब्रूदार धंद्याचं रूप आलं. त्याआधी लंडनात मालिशीच्या नावाखाली नाही नाही ते चालायचं. असो. थोरली सांधे हलवते, स्नायूंत बळ आणते. धाकटी म्हणते, "हात हलला? छान. आता सदऱ्याची गुंडी लावून दाखवा."

या धाकटीचं बारसं मार्च १९१७ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज नावाच्या गावी झालं. यजमान होता जॉर्ज बार्टन. हा डॉक्टर नव्हे, आर्किटेक्ट! क्षयानं पोखरलेला, गँगरीनमुळे पायाची बोटं गमावलेला आणि वर डावी बाजू लुळी पडलेली. आपल्याकडे अशा माणसाला दिवाणखान्यातल्या कॉटवर टाकून पाहुण्यांना दाखवतात. यानं मात्र घर घेतलं, तिथे सुतारकामाची हत्यारं मांडली, बाग खणायला घेतली आणि स्वतःवरच प्रयोग करून हातपाय बरेचसे वठणीवर आणले. घराचं नाव कन्सोलेशन हाउस, म्हणजे आपलं 'दिलासा'. (पुण्यात या नावाचे चार बंगले तरी निघतील.) तिथे सहा माणसं जमली आणि संस्था स्थापन झाली. सहांतले दोन आर्किटेक्ट, एक मानसोपचाराचे डॉक्टर आणि तीन स्त्रिया. त्यांतली एक, इझाबेल न्यूटन, ही बार्टनची सेक्रेटरी. पुढल्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. सभेच्या इतिवृत्तातून इतकं ठोस काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

सभेनंतर तीन आठवड्यांच्या आत अमेरिका महायुद्धात उतरली आणि हातपाय गमावलेले जवान परत येऊ लागले. मग शंका घ्यायला कोणाला सवड राहिली नाही. त्यांच्यासाठी बायकांच्या पलटणी तयार झाल्या. कोणी व्यायाम करून घेई, कोणी टोपल्या विणायला शिकवी.

आपल्याकडे ही विद्या आली ती एका सुनेबरोबर. एलिझाबेथ लुंडी ही न्यू जर्सीची, क्वेकर पंथाच्या घरातली मुलगी. विष्णू निंबकरांशी तिचा विवाह ठरला, १९३० साली ती हिंदुस्थानात आली आणि कमला निंबकर झाली. (फलटणचे निंबकर म्हटलं की शेतकऱ्यांना बी-बियाणं आठवतं. ते बनबिहारी निंबकर या बाईंचे चिरंजीव.) एवढ्यावर थांबल्या असत्या तर फॉरेनची सून म्हणून जन्मभर कौतुक झालंच असतं. पण चाळिशी उलटल्यावर बाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या. चाळिशीत आम्ही काय केलं? चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. १९५० साली कमलाबाईंनी परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलात या विद्येची शाळा काढली. आशियातली पहिली. १९५२ साली थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी केली आणि त्याच वर्षी जी जागतिक संघटना निघाली, तिच्या दहा संस्थापक देशांत भारताचं नाव लागलं.

त्या परळची कल्पना करा. भोवती सगळ्या गिरण्या. दिवसभर साचे चालवून, यंत्रात हात सापडून माणूस हॉस्पिटलात येणार आणि इथे बाई त्याच्यापुढे पुन्हा काम ठेवणार! त्याच्या घरचे म्हणत असतील, 'अहो, औषध कुठाय?' पण गिरणी कामगाराचा पंजा म्हणजे त्याचं पासबुक. तो मिटत नाही तोवर चाळीत चूल पेटायची नाही. शेजारी फिजिओथेरपीची शाळाही लवकरच आली, १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि पोलिओची पोरं कॅलिपर घालून उभी राहायला शिकू लागली.

मला स्वतःला सगळ्यांत पटला तो वेल्लोरचा हात. कारण तो थेट बँकेच्या भाषेत समजतो. तिथे पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते. डॉक्टर होण्याआधी सुतारकी-गवंडीकाम शिकलेले. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, पंजातले बारके स्नायू राजीनामा देतात आणि बोटं नखांसारखी आत वळतात. आता गंमत बघा. बोट वाकवायला निसर्गानं प्रत्येकी दोन-दोन दोऱ्या दिल्या आहेत. म्हणजे एका काउंटरवर दोन क्लार्क! ब्रँडनी त्यांतली एक जादा दोरी उचलली आणि बोटाच्या दुसऱ्या जागी नेऊन शिवली. शुद्ध बदली. पण बदलीची ऑर्डर निघाली म्हणून नवं काम थोडंच येतं? कॅशमधला माणूस कर्ज खात्यात गेला तरी पहिले काही दिवस नोटाच मोजत बसतो. तसा हा स्नायूही जुन्याच सवयीनं ओढतो. त्याला नवं खातं शिकवायचं, रोज, अंशाअंशानं, हे काम थेरपिस्टचं. ऑपरेशन काही तासांचं आणि ही शिकवणी कित्येक आठवड्यांची. पेपरात फोटो मात्र सर्जनचाच येतो.

आणि इतकं करून हात सरळ झाला तर काय व्हावं? काही पेशंट तक्रार घेऊन परत आले. वाकडी बोटं पाहून लोक पैसे टाकत. हात सुधारला, भीक मिळेना. आणि रोगाचं नाव ऐकल्यावर काम तर कोणीच देईना! मग ब्रँडनी आवारातच 'न्यू लाइफ सेंटर' काढून त्या हातांना सुतारकाम शिकवलं. लाकडी खेळणी होऊ लागली. बोटांना संवेदना नसते, म्हणून हत्यारांच्या मुठी जाड आणि गुळगुळीत करायच्या, काम झालं की बोटं डोळ्यांनी तपासायची, हेही शिकवावं लागलं. निव्वळ हात बरा करून भागत नाही, तो कशाला लावायचा हेही बघावं लागतं, ही व्यवसायोपचाराची अख्खी मेख त्या एका तक्रारीत आहे.

आमच्या काउंटरवर ती मेख रोज दिसते. पक्षाघात झालेला माणूस बँकेत येतो तेव्हा त्याला स्वतःचेच पैसे काढायचे असतात आणि स्क्रीनवरची नमुना सही त्याला ओळख दाखवत नाही. अंगठ्याची सोय आहे, साक्षीदार आणून सगळं रीतसर करता येतं. पण बत्तीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासलेल्या एका मास्तरांना मी अंगठ्याचं म्हटलं, तेव्हा ते जे बघत राहिले ते मला चहाच्या सुट्टीतही दिसत होतं. त्यांनी पैसे काढले नाहीत. मुलाला म्हणाले, "चल."

नंतर सात-आठ महिने ते एका हॉस्पिटलात जात होते. मुलगा सांगायचा. आधी कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे. मग पुट्टीचा गोळा दाबायचा. मग जाड पेन, त्यावर रबराची नळी, आणि पहिलीच्या पोरासारख्या आडव्या-उभ्या रेघा. मास्तर घरी येऊन त्या रेघांनाच मार्क द्यायचे म्हणे, दहापैकी तीन.

एका सोमवारी, गर्दीच्या वेळी, ते एकटेच आले. एकशे एक रुपयांची स्लिप भरली. सहीला इतका वेळ लागला की मागची लाइन कुरकुरू लागली. मी स्क्रीन पाहिली, स्लिप पाहिली. शेवटची वेलांटीसुद्धा जागच्या जागी होती.

"जुळली," मी म्हटलं.

"वेलांटी जरा आखूड आलीय," मास्तर म्हणाले आणि एकशे एक रुपये दोनदा मोजून निघाले, उजव्या हातानं.