सांधा समुद्राखालचा

नेवाशातल्या घरातून परदेशातल्या नातवाशी बोलताना आपला आवाज बहुधा मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरतो. ही वाट जुनी आहे. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली. तांब्याच्या तारांना डाख द्यायचा, त्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे थर हातांनी चढवायचे. आत ओल किंवा हवेचा बुडबुडा राहिला, की सांधा दगा देई. आज संदेश केसाएवढ्या काचतंतूंतून जातात. त्यांची टोके विजेच्या ठिणगीत वितळवून जोडतात. तिथे धुळीचा कणही चालत नाही. जानेवारी २००८मध्ये इजिप्तजवळ केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. अशा वेळी तुटकी टोके जहाजावर ओढून माणसेच सांधतात. केबल हजारो मैलांची, भरवसा मात्र सांध्याचा!